जखमीचे नाव

चौतीस वर्षांच्या नोकरीतले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यातला, हे सांगताना माझी गफलत होते. राईस मिलचा तो एक आठवडा मात्र वारासकट लक्षात राहिला आहे. त्या आठवड्यात मला काय चालले आहे तेच कळत नव्हते, आणि तरीही मी रोज सह्या करत होतो.

या हकीकतीत कुणाचेही खरे नाव नाही. पण सगळा घोळ नावाचाच असल्यामुळे दोन माणसांना नावे दिल्याशिवाय तो सांगता येणार नाही. एकाला देवानंद म्हणतो, दुसऱ्याला मोरेश्वर. देवानंदच्या बायकोला रत्नमाला म्हणतो. बाकीची माणसे त्यांच्या कामावरून ओळखली जातील.

मी तेव्हा सावली तालुक्याच्या बाजूला, वैनगंगेच्या अलीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सगळा धानाचा पट्टा. दिवाळीनंतर धान निघाले की राईस मिला रात्रंदिवस चालतात आणि उन्हाळा लागेपर्यंत गावात कोंड्याचा वास भरून राहतो. महाशिवरात्र जवळ आली होती. मार्कंड्याची जत्रा नदीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, पण जाणारी निम्मी गर्दी आमच्या हद्दीतून जाते. त्यामुळे माझी अर्धी माणसे रस्त्याच्या बंदोबस्तावर होती.

सोमवारी दुपारी मुन्शीने एक कागद माझ्यासमोर ठेवला. आमच्या हद्दीतल्या एका मिलच्या मॅनेजरने पाठवलेली अपघाताची सूचना होती. छापील फॉर्म, सुवाच्य अक्षर, खाली शिक्का. सकाळच्या पाळीत मशीनचा पट्टा तुटून मोरेश्वर नावाच्या ऑपरेटरच्या तोंडाला व उजव्या हाताला मार लागला, त्याला मिलच्या गाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात पाठवले, वगैरे. सोबत आधार कार्डाची प्रत आणि कारखाना निरीक्षकांना पाठवलेल्या सूचनेचीही प्रत.

मला कौतुक वाटले. आमच्याकडे मिलवाले माणूस मेल्याशिवाय ठाण्याला काही कळवत नाहीत. हात गेला तरी घरी बसवतात आणि गावात सांगतात की बैलाने मारले. हा मॅनेजर स्वतःहून कळवतो आहे, तेही त्याच दिवशी! मी मुन्शीला म्हणालोसुद्धा, "बघा, असे लोक असले तर आपले अर्धे काम कमी होईल." कागदावर लिहिले, 'पाहिले. बीट जमादारांनी चौकशी करावी.' जमादार जत्रेच्या बंदोबस्तावर होते. कागद ट्रेमध्ये पडून राहिला.

बुधवारी सकाळी रत्नमाला ठाण्यात आली. तिशीची बाई, पायात धुळीने भरलेली चप्पल, हातात नवऱ्याचा फोटो. लग्नातला होता, घडी पडलेला.

"जय भीम, साहेब. माहा नवरा सोमवारपासून घरी आला नाई."

"कुठे कामाला जातो?"

"राईस मिलमंदी जाते जी. सोमवारी अंधारातच गेला. मी मिलच्या गेटवर जाऊन आलो दोन डाव. वॉचमन मंते, इथी आला नाई."

मी तिच्यासमोरच मिलच्या मॅनेजरला फोन लावला. तोच मॅनेजर, ज्याचे मी सोमवारी कौतुक केले होते. तो शांतपणे म्हणाला, "देवानंद ना? कधीमधी रोजीने येतो साहेब. आमच्या मस्टरवर नाही. सोमवारी आलाच नव्हता. पोरंसोरं जत्रेला गेली आहेत, त्यांच्यासोबत गेला असेल."

मी फोन ठेवला आणि रत्नमालेला प्रश्न विचारू लागलो. दारू पितो का? घरात भांडण झाले होते का? कुणाचे देणे आहे का? बाहेर कुठे काही संबंध? हरवल्याच्या तक्रारीत हे प्रश्न विचारायचेच असतात, पण ते कसे विचारायचे हे विचारणाऱ्यावर असते. मी ते एखादा फॉर्म भरावा तसे विचारले. ती प्रत्येकाला "नाई जी" म्हणत गेली. शेवटी एवढेच म्हणाली,

"साहेब, त्याचा फोन सोमवारी दिवसभर वाजे. कोनी उचलत नव्हतं. मंगळवारी बंद झाला. जत्रेत गेलेला मानूस फोन काऊन नाई उचलन?"

"गर्दीत ऐकू येत नाही," मी म्हणालो.

हरवल्याची नोंद झाली. वर्णन, कपडे, उंची, डाव्या भुवईवर जुनी खूण. बंदोबस्तावरच्या माणसांना फोटो पाठवला.

वाचणाऱ्याला आता वाटेल की एकाच मिलमध्ये, एकाच दिवशी एकाला अपघात झाला आणि दुसरा हरवला, मग ठाणेदाराच्या डोक्यात काही आले कसे नाही? मलाही पुढे हा प्रश्न विचारण्यात आला. माझ्याजवळ एकच उत्तर होते. अपघाताच्या कागदावर जखमी माणसाचे नाव होते, बापाचे नाव होते, पत्ता होता, आधार कार्ड होते. तो माणूस सापडलेला होता. पोलिसाचे डोके हरवलेल्या गोष्टींमागे धावते. जी सापडली म्हणून लिहिली गेली, तिच्याकडे ते पुन्हा पाहत नाही.

शुक्रवारी दवाखान्याची खबर आली. दवाखान्याने ती नियमाप्रमाणे तिथल्या चौकीला दिली होती आणि तिथून फिरत फिरत ती आमच्याकडे पोचली. मोरेश्वर अमुक, राईस मिलमधला अपघात, जबडा मोडलेला, उजव्या हाताची हाडे मोडलेली, 'सध्या बयान देण्याच्या स्थितीत नाही'. जमादार बंदोबस्तावरून परत आले होते. मी त्यांना मोरेश्वरच्या गावी जाऊन नातेवाइकांचे बयान घ्यायला सांगितले.

हे जमादार त्या भागातलेच, निवृत्तीला आलेले. कुठल्या गावात कुणाच्या शेतात कोणती विहीर आहे इतके त्यांना ठाऊक. शनिवारी दुपारी ते मोटारसायकलवर मागे एका माणसाला बसवून ठाण्यात आले. चेहरा असा की हसावे की रागवावे हेच त्यांना समजत नव्हते.

"साहेब, हा मोरेश्वर."

"कोण मोरेश्वर?"

"जो दवाखान्यात भरती हाये, तोच. शेतात लाखोळीचं पीक उपटून राह्यला होता."

मी त्या माणसाकडे पाहिले. चाळिशीचा, अंगाने मजबूत. जबडा जागेवर, दोन्ही हात धडधाकट, नखांत माती.

"तुला अपघात झाला होता ना?"

तो खाली बघत म्हणाला, "मले काई नाई झालं जी."

"मग दवाखान्यात कोण आहे?"

"मले काई मालूम नाई. मॅनेजर साहेबाले इचारा."

नोकरीत खोटे बोलणारी माणसे मी खूप पाहिली. खोटे बोलणारा बहुधा जास्त बोलतो, वेळ सांगतो, साक्षीदार सांगतो. हा माणूस काहीच सांगत नव्हता. तासभर मी विचारत होतो आणि तो "मले मालूम नाई" यापलीकडे जात नव्हता. त्याच्या कपाळाला घाम येत होता आणि तो पुसत नव्हता.

माझ्या डोक्यात एकामागून एक तर्क यायला लागले. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे असतील. आमच्याकडे असतातच. किंवा विम्यासाठी कुणी खोटा रुग्ण उभा केला असेल. किंवा या मोरेश्वरनेच कुणाला मारले आणि अपघात दाखवला. प्रत्येक तर्क मला थोडा वेळ पटत होता. जमादार मात्र एवढेच म्हणाले, "साहेब, मी घरी गेलो तं त्याची माय रडून राह्यली होती. म्या इचारलं काऊन रडते, तं मंते, दुसऱ्याच्या घरचं मानूस हाये बाप्पा, पाप लागन."

दुसऱ्याच्या घरचे माणूस. हे ऐकूनही मला अर्थ लागला नाही.

संध्याकाळी मॅनेजरला बोलावले. पन्नाशीचा, चष्मा, काखेत फाईल. मोरेश्वरला समोर बसलेला पाहून त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काही हलले, मग तो म्हणाला, "साहेब, हा वेगळा. जखमी झालेला त्याच नावाचा दुसरा आहे. आमच्या क्लार्ककडून आधार कार्डाची प्रत चुकीची लागली असेल."

"दुसरा मोरेश्वर कुठल्या गावचा?"

"मस्टर पाहून सांगतो."

"मग उद्या सकाळी मस्टर घेऊन या. हजेरीची वही, पाळीचा तक्ता, सगळे."

दोघांना घरी पाठवले. जमादार म्हणाले, "साहेब, कागदं पाहण्यापेक्षा मानूस पाहू ना."

एवढी साधी गोष्ट मला आधी सुचायला हवी होती.

रविवारी सकाळी मी आणि जमादार दवाखान्यात गेलो. जनरल वॉर्डच्या टोकाला एक खाट होती. माणसाचे तोंड सुजून विद्रूप झालेले, जबडा तारांनी बांधलेला, कपाळावर आणि भुवयांवर पट्टी, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. फक्त डोळे आणि डावा हात मोकळा. खाटेच्या पाटीवर नाव: मोरेश्वर.

मी वाकून म्हणालो, "मोरेश्वर, मी पोलीस ठाण्यातून आलो आहे."

त्याने मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. नाही, नाही.

वॉर्डची सिस्टर म्हणाली, "सर, त्यांचं असंच आहे. नावानं हाक मारली की मान हलवतात. स्वतःचं नाव ओळखत नाहीत. चिडतात. दोनदा झोपेचं इंजेक्शन द्यावं लागलं. डॉक्टरांनी लिहिलंय की पेशंट गोंधळलेला आहे. मेंदूला मार असेल म्हणून आज दुपारी नागपूरला हलवणार आहेत."

"नातेवाईक कोण आहे?"

"घरचं कुणी आलं नाही. मिलचे मॅनेजर येतात. त्यांनीच भाऊ म्हणून सही केली आहे."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्या माणसाने डावा हात उचलला आणि चादरीवर बोटाने काहीतरी गिरवायला लागला. सिस्टर लगेच म्हणाली, "हे बघा, हेसुद्धा सारखं करतात. 'दे' लिहितात. मग मी पाणी देते. पाणी नको असतं. दूध दिलं, ते पण नको. काय दे ते सांगता येत नाही त्यांना."

तिने नळीचा कप त्याच्या ओठांशी नेला. त्याने डोळे मिटून घेतले. पाच-सहा दिवस तो हे करत होता. औषधांच्या गुंगीत, डाव्या हाताने, चौथी शिकलेला माणूस एकच अक्षर धड काढू शकत होता, आणि ते काढले की त्याला पाणी मिळत होते.

माझ्या पाठीमागे जमादार होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, ती बाई. घाटावर मले बी नवऱ्याचा फोटो दाखवला होता. जय भीमवाली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खाली वाकलो आणि म्हणालो, "देवानंद?"

त्याने डोळे उघडले. डाव्या हाताने माझे मनगट शोधले आणि इतक्या जोराने धरले की घड्याळाचा पट्टा हातात रुतला. सिस्टरने सावकाश कपाळाची पट्टी थोडी सरकवली. डाव्या भुवईवर जुनी खूण होती.

गोंधळलेला तो एकटाच नव्हता. सिस्टर, डॉक्टर, मी, माझे ठाणे, सगळे गोंधळात होतो. आपण कोण आहोत हे त्या वॉर्डात फक्त त्यालाच स्पष्ट माहीत होते.

मी डॉक्टरांना भेटून नागपूरला हलवणे थांबवले. जमादारांनी रत्नमालेला फोन लावला. पलीकडून तिने पहिला प्रश्न विचारला, "जिता हाये का?" ती दोन तासांत एका शेजाऱ्याच्या गाडीने आली. वॉर्डात येऊन ती रडली नाही. खाटेच्या पाटीवरचे नाव वाचले आणि सिस्टरला म्हणाली, "हे काढा आधी."

त्याच दिवशी मॅनेजर आणि मोरेश्वरला मी ठाण्यात वेगवेगळे बसवले. मोरेश्वरला फक्त एवढेच सांगितले की मी देवानंदला भेटून आलो. त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि मग सगळे एका दमात बोलला.

"त्या दिवशी मशीनवर मीच असतो जी. मले यायले उशीर झाला म्हून तो उभा राह्यला. पट्ट्यावर जाळी नव्हती, महिनाभर झाला काढून ठेवली होती. मी गेटमंदी पोचलो आन् आवाज झाला. मीच त्याले उचलून गाडीत टाकलं. मॅनेजर साहेब मंते, याचं नाव मस्टरवर नाई, याच्या नावानं रिपोर्ट गेला तं मिल बंद होईन, साऱ्यायची रोजी जाईन. तुह्या नावानं भरती करू, तुहा विमा हाये, चांगल्या दवाखान्यात इलाज होईन. म्या मनलं, माह्या नावानं का होईना, जीव तं वाचन."

"त्याच्या बायकोला का नाही सांगितले?"

"मॅनेजर साहेब मंते मी सांगतो घरी. मंग मंगळवारी मंते, तू आता बाहेर दिसू नको, तू दवाखान्यात हायेस. खोटं नाव दिलं म्हून पोलीस तुलेच नेतीन."

मला त्याचा राग येत होता आणि येतही नव्हता. त्याने देवानंदला उचलून गाडीत घातले नसते तर तो वाचला नसता. आणि सहा दिवस तो गप्प बसला तेव्हा एक बाई मिलच्या गेटपासून नदीच्या घाटापर्यंत फोटो दाखवत फिरत होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या होत्या.

मॅनेजर मात्र खचला नव्हता. मी मस्टर समोर ठेवून विचारले तेव्हा तो दुखावल्यासारखा म्हणाला,

"साहेब, मी लपवलं कुठं? अपघात झाला, लगेच कळवलं. तुम्हाला कळवलं, इन्स्पेक्टर ऑफिसला कळवलं. मिलच्या गाडीनं चांगल्या दवाखान्यात पाठवलं. दुसऱ्या मिलवाल्यानं घरी टाकून दिलं असतं. कायद्यात लिहिलंय कळवा, मी कळवलं."

"पण ज्याला लागले त्याचे नाव कुठे आहे?"

"मालक नागपूरला असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, मस्टरवर आहे त्याचंच नाव जाऊ दे. आणि साहेब, जो मस्टरवरच नाही त्याला लागलं हे मी कळवणार कसं? तो तर आमचा कामगारच नाही."

हे तो इतक्या मनापासून बोलला की मीही क्षणभर अडखळलो. खरेच, कायदा काय म्हणतो? मस्टरवर नसलेल्या माणसाचा अपघात कळवायचा असतो की नसतो? तीन दशके पोलिसात काढून मला हे माहीत नव्हते. मिलच्या झडतीत त्याच्या टेबलाच्या खणात देवानंदचा मोबाईल सापडला. तो पंचनाम्यात घेतला आणि मी कारखाना निरीक्षकांना फोन लावला. या बाई जिल्ह्याच्या ठिकाणी बसत. त्यांच्याकडे कारखाने इतके की प्रत्येक ठिकाणी वेळेवर पोचणे माणसाच्या आवाक्यातले नव्हते. मोरेश्वरच्या नावाची सूचना त्यांच्याकडेही येऊन पडली होती.

त्यांनी मला शाळेतल्या पोराला समजवावे तसे समजावले. "मस्टरचा काही संबंध नाही. कारखान्यात, कारखान्याच्या कामात होता ना? मग तो कामगार. कायम असो, रोजीचा असो, ठेकेदाराने आणलेला असो. मरण आले किंवा मोठी इजा झाली तर लगोलग कळवायचे, आम्हाला आणि तुमच्या ठाण्यालाही. अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही, तरी फॉर्म भरून पाठवायचा. आणि फक्त अपघातच नाही. कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे, ते मॅनेजरने कळवायचे आणि तपासणाऱ्या डॉक्टरनेही. मस्टरवर नाव नसणे हा त्या मॅनेजरचा दुसरा गुन्हा आहे. पहिला गुन्हा झाकायला तो त्याला वापरतो आहे."

"मग मी या कलमांखाली गुन्हा नोंदवू?"

"नाही. त्या कायद्याची तक्रार कोर्टात मी करायची. तुम्ही तुमचे बघा. यंत्राबाबत हयगय, खोटे कागद, तोतयेगिरी. दोन्ही वेगवेगळे चालेल."

म्हणजे एका पट्ट्याने एका माणसाचा जबडा मोडला आणि त्यासाठी दोन कायदे, दोन कार्यालये, दोन खटले. मी फोन ठेवला तेव्हा समोरच्या कागदावर मी बाण काढून ठेवले होते, कोण कुणाला काय कळवणार याचे. त्यातला एक बाण माझ्या ठाण्याकडे येत होता. तिथून पुढे तो कुठेही जात नव्हता.

गुन्हा नोंदवायला बसलो. प्रथम खबरीच्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ठाण्याला माहिती केव्हा मिळाली, दिनांक व वेळ. मुन्शी लिहिता लिहिता थांबला.

"साहेब, रविवार लिहू ना? खरी माहिती तं आपल्याले रविवारीच भेटली."

तो माझ्या भल्यासाठी बोलत होता. रविवार लिहिणे खोटेही म्हणता आले नसते. सोमवारचा कागद मोरेश्वरचा होता, देवानंदचा नव्हता. पण मग मॅनेजर माझ्यासमोर बसून जे बोलला, त्यात आणि माझ्यात काय फरक उरला असता, हे मला सांगता येत नव्हते. अपघाताची खबर सोमवारी दुपारी ठाण्यात आली होती. दवाखाना गाडीने दीड तासावर होता. मंगळवारी कुणी जाऊन त्या माणसाकडे पाहिले असते, तर बुधवारी त्याच्या बायकोला मी ते प्रश्न विचारले नसते.

"सोमवार लिही," मी म्हणालो. "सूचना मिळाली, चौकशी केली नाही, असे स्टेशन डायरीतही घे."

मुन्शीने माझ्याकडे पाहिले आणि लिहिले.

वरिष्ठांनी अर्थातच खुलासा मागवला. मी दिला. कसुरीची नोंद सेवापुस्तकात झाली. निवृत्तीच्या वेळी पेन्शनची कागदपत्रे करणारा बाबू म्हणाला, "सर, अपील केलं असतं तर ही नोंद निघाली असती." मी म्हणालो, राहू द्या.

खटल्यांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. निरीक्षक बाईंच्या तक्रारीत मॅनेजरला आणि मालकाला शिक्षा म्हणून दंड झाला. आमचा खटला मी बदलून गेल्यावरही बरीच वर्षे तारखांवर होता. मोरेश्वर साक्षीदार झाला. देवानंदला भरपाई मिळाली, पण त्याआधी दवाखान्याच्या प्रत्येक कागदावरचे नाव बदलून घ्यायला रत्नमालेने किती चकरा मारल्या ते मी पाहिले आहे. ज्याचे हाड मोडले त्याच्या नावावर एकही एक्स-रे नव्हता, आणि ज्याच्या नावावर सगळे एक्स-रे होते तो शेतात लाखोळी काढत होता. हे समजावून सांगताना ती प्रत्येक खिडकीवर पहिल्यापासून सुरुवात करी.

एकदा अशाच चकरेत ती ठाण्यात आली. मी चहा मागवला आणि बुधवारच्या प्रश्नांबद्दल काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. ती थांबवत म्हणाली,

"साहेब, तुम्ही मले इचारलं का दारू पेते का. बाई ठेवली का इचारलं. एक डाव तरी इचारायचं होतं, तो मिलमंदी कोन्त्या मशीनवर काम करते."

त्यानंतर हरवल्याच्या कुठल्याही तक्रारीत माझा पहिला प्रश्न तोच असे. माणूस काय काम करतो, कुठे, कशावर. अपघाताची सूचना आली की त्याच दिवशी कुणीतरी खाटेपाशी जाई आणि जखमीला, त्याला बोलता येत नसले तर त्याच्या घरच्यांना, त्याचे नाव विचारी. हाताखालच्या माणसांना ही माझी लहर वाटत असे. मी त्यांना कारण सांगत बसलो नाही.

त्या प्रकरणातले सगळे मला आजही नीट उलगडलेले नाही. मोरेश्वरने चांगले केले की वाईट, मला ठरवता येत नाही. मॅनेजर खोटारडा होता, पण त्याने ठाण्याला कागद पाठवला नसता तर आम्ही देवानंदपर्यंत पोचलो असतो का? आता कायदे नवे आले, कलमांचे आकडे बदलले, पोरे संगणकावर खबर देतात. पण कामाच्या जागी माणसाला लागले, त्याला आजार जडला, तर त्याचे नाव घेऊन सांगणे हे कुणातरी एका जिवंत माणसाचे काम असते, आणि ती खबर ज्याच्या टेबलावर येते त्याने उठून जाऊन पाहणे हेही. माझ्यापुरते मला इतकेच कळले, आणि तेही उशिरा.

देवानंदच्या जबड्याच्या तारा निघायला महिन्यावर काळ गेला. मग तो बायकोबरोबर ठाण्यात बयान द्यायला आला. जबडा किंचित वाकडा बसला होता, उजव्या हाताची दोन बोटे वळत नव्हती. मी स्वतः लिहायला बसलो. पहिला रकाना नावाचा. मी विचारले आणि तो थांबून थांबून, एकेक शब्द तोंडातून काळजीपूर्वक बाहेर काढत बोलला. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आजाचे नाव, आडनाव, वय, गाव, कोणत्या मिलमध्ये, कोणत्या मशीनवर. मी एवढे विचारले नव्हते. मी सगळे लिहिले.

"वाचून दाखवा जी," तो म्हणाला.

मी वाचले.

"अजून एक डाव."

मी पुन्हा वाचले. तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने मान हलवली. हो.

"आता इचारा," तो म्हणाला.